‘सर्व्हर डाऊन’ झाल्यावर कोण धावते?

५२ मिनिटे ३४ सेकंद. एखादी संगणक सेवा वर्षभरात एवढाच वेळ बंद राहिली, तर ती ९९.९९ टक्के वेळ चालू होती असे म्हणतात. वर्षात ५,२५,६०० मिनिटे असतात; त्यांचा दहा हजारावा भाग काढला की हा आकडा येतो. ९९.९ टक्क्यांचे वचन असेल तर वर्षाला पावणेनऊ तास बंद चालते. नुसते ९९ टक्के म्हटले तर ८७ तास ३६ मिनिटे, म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. परीक्षेत ९९ टक्के मिळवणाऱ्याचा फलक चौकात लागतो. बँकेची यंत्रणा ९९ टक्क्यांवर राहिली तर ती सांभाळणाऱ्यांकडून खुलासा मागवला जातो.

हा हिशेब शेकडेवारीच्या धड्यापलीकडचा नाही. सातवीतले मूल तो वहीत मांडू शकते. पण या हिशेबावर ज्यांची नोकरी चालते त्या माणसांबद्दल सोलापुरातल्या सातवीच्या वर्गात सहसा कुणी बोलत नाही. संगणक वापरणारी माणसे मुलांना रोज दिसतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबद्दल कोडिंगच्या जाहिराती सांगतात. तिसरा वर्ग आहे तो सेवा चालू ठेवणाऱ्यांचा: सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्यांचा. त्यांचे काम नीट झाले की काहीच घडत नाही, म्हणून ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत. हे काम मुलांना सहावी ते आठवीतच दाखवले पाहिजे, आणि ते आकड्यांनी दाखवले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आधी या कामाचे वजन पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एका महिन्यात हा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला गेला. ३१ दिवसांच्या मिनिटांनी भागले तर दर मिनिटाला सरासरी साडेचार लाखांच्या आसपास व्यवहार येतात. म्हणजे ९९.९९ टक्क्यांत माफ असलेली ती ५२ मिनिटे एकाच वेळी आली, तर सव्वादोन कोटींहून जास्त व्यवहार अडकतील. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी यूपीआय अडखळली, तेव्हा चहाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांना त्याची झळ लागली. दशांश चिन्हानंतरच्या एकेका नवासाठी माणसे का झटतात, ते या भागाकारावरून कळते.

सोलापूरच्या मुलाला ‘उपलब्धता’ ही कल्पना समजावायला दूर जायला नको. शहरात नळाला वर्षानुवर्षे तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. समजा, चार दिवसांतून एकदा दोन तास पाणी आले. ९६ तासांपैकी २ तास, म्हणजे २.०८ टक्के. आता त्याच नळाला ९९.९९ टक्क्यांचा नियम लावा: चार दिवसांत पाणी जेमतेम ३५ सेकंद बंद राहायला हवे. हे गणित फळ्यावर मांडले की पुढचे प्रश्न मुलेच विचारतात. पंप बंद पडला तर दुसरा कुठे असतो? वीज गेली तर? साठा किती ठेवायचा? व्हॉल्व्ह कोण आणि कधी सोडतो? संगणक सेवा सांभाळणाऱ्याचा दिवस नेमक्या याच प्रश्नांत जातो: राखीव सर्व्हर, यूपीएस आणि जनरेटर, साठवणुकीची जागा, आणि कुठला बदल कुणी कुठल्या वेळी करायचा याची नोंद.

मुलांनी जवळून पाहिलेले उदाहरणही आहे. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्या वर्षी दहावीला साडेचौदा लाखांवर मुले उत्तीर्ण झाली होती. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. घरोघरी, नेट कॅफेत, शाळेच्या कार्यालयात एकच वाक्य होते: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ या वाक्यापाशी आपण थांबतो. मुलांना मात्र पुढे न्यायला हवे. साडेचौदा लाखांपैकी फक्त ५ टक्के मुले पहिल्या तासात आली, तर ती होतात ७२,५०० आणि सेकंदाला २०. प्रत्येकाने दहा पाने उघडली तर सेकंदाला २०० मागण्या. उत्साही मुले आणि धास्तावलेले पालक ५ ऐवजी ३० टक्के निघाले तर १,२००. किती गर्दी येईल हे आधी ओळखून तेवढी यंत्रणा उभी करणे, तिची चाचणी घेणे आणि ती कमी पडलीच तर लोकांना काय सांगायचे हे ठरवून ठेवणे, हे एका माणसाचे पगारी काम असते. पंढरपूरच्या मुलांना तर हे लगेच पटेल. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ९९ हजारांच्या गावात आषाढीला दहा लाखांवर माणूस येतो, आणि येताना बहुतेकांच्या खिशात फोन असतो.

आता रोजगाराचा हिशेब. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो. चोवीस तास चालणाऱ्या सेवेची एक खुर्ची कधीच रिकामी राहू द्यायची नसेल तर १६८ भागिले ४०, म्हणजे ४.२ माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की पाच. एक खुर्ची, पाच नोकऱ्या. तीन पाळ्यांचा हा हिशेब सोलापूरला नवा नाही. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या मिलपासून पुढे गिरण्या बंद पडेपर्यंत या शहराचा दिवस भोंग्यावर आणि पाळ्यांवरच चालत होता, आणि आजही अनेक घरांत ‘रात्रपाळी’ म्हणजे काय हे आजोबांना विचारता येते.

‘नासकॉम’ या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारतीय माहिती-तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८,००० कोटी डॉलर होती आणि त्यात ५८ लाखांच्या आसपास माणसे कामाला होती. हे ऐकले की डोळ्यांसमोर हिंजवडी येते, अडीचशे किलोमीटरवरचे पुणे येते, तिथे नेणारी हुतात्मा एक्स्प्रेस येते. पण संगणक सेवा सांभाळणारी सगळीच माणसे काही आयटी कंपन्यांत नसतात. ती बँकेत, इस्पितळात, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या राष्ट्रीय सूचना केंद्रात, विद्यापीठात असतात. आणि सोलापूर जिल्ह्यापुरते सांगायचे तर साखर कारखान्यांतही असतात.

या शेवटच्या ठिकाणी जरा थांबू. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. गाळप हंगामात कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन पडद्यावर उमटते, शेतकऱ्याचे नाव, गट, वाहनाचा नंबर यांच्याशी त्याची सांगड घातली जाते, ट्रॉली रिकामी होऊन परत आली की दुसरे वजन होते, आणि मग पावती निघते. त्या पावतीवर ऊसबिल अवलंबून असते, तोडणी आणि वाहतुकीचे पैसेही. समजा, कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि एका खेपेत २० टन येतो. दिवसाला २५० खेपा, तासाला दहा, म्हणजे साधारण पावणेसहा मिनिटांना एक वाहन. काट्याजवळचा संगणक किंवा त्याची नेटवर्कची केबल तासभर बंद पडली की रांगेत दहा वाहने वाढतात, आणि थांबलेल्या उसाचे वजन उन्हात घटत जाते. नोव्हेंबरातल्या रात्री दोन वाजता तिथे जो तरुण बॅटरी घेऊन केबल तपासतो, तो संगणक सेवा व्यवस्थापनच करत असतो. गावातल्या मुलांनी ती रांग पाहिलेली असते, तो तरुण मात्र पाहिलेला नसतो.

मुलांकडे साधन नाही असे म्हणायचे दिवस संपत आले आहेत. ‘असर’ २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८९.१ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२.२ टक्क्यांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. शाळांचे चित्रही बदलते आहे: केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ आकडेवारीत संगणक असलेल्या शाळा २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के होत्या, २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के झाल्या. इंटरनेट असलेल्या शाळा ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्क्यांवर गेल्या. कमी आहे ती कामाची ओळख. ‘असर’ २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या तरुणांपैकी अवघे ५.६ टक्के कुठले तरी व्यावसायिक प्रशिक्षण घेत होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नोंद आहे की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी होते; तेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

महाराष्ट्राने संगणक शिकवायला सुरुवात तशी लवकर केली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम एक कोटीहून अधिक लोकांनी केला. हे मोठे काम झाले, यात शंका नाही. पण तो अभ्यासक्रम वापर शिकवतो. यंत्रणा सांभाळणे हा त्याचा विषयच नव्हे.

शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की सोलापूरला एक नाव घ्यावेच लागते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये आणली, त्यांत क्यूआर कोड घातले, आणि ही कल्पना पुढे राज्याने उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. या गोष्टीत मला आणखी एक धडा दिसतो. पुस्तकातला क्यूआर कोड हा एक पत्ता असतो. स्कॅन केल्यावर पलीकडे धडा दिसायचा तर त्या पत्त्यावरचा सर्व्हर जागा हवा, तिथली फाइल जागेवर हवी. पाच वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकातला कोड आज उघडतो का? एका वर्गाने एका पुस्तकातले सगळे कोड तपासावेत, किती उघडले, किती नाही, टक्के काढावेत आणि न उघडणाऱ्यांची यादी संबंधितांना कळवावी. यालाच या धंद्यात ‘मॉनिटरिंग’ आणि ‘टिकीट काढणे’ म्हणतात.

शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे मुलांना पाठवा म्हटले आहे. धोरणात सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांची नावे आहेत आणि पुढे ‘इत्यादी’ आहे. त्या ‘इत्यादी’त नेटवर्क सांभाळणारा माणूस बसवायला कुणाची हरकत नसावी. दहापैकी दोन दिवस त्याला द्यावेत.

पहिल्या दिवशी हाताने काम. नेटवर्कच्या केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पीळ घालून ठेवलेल्या. वरचे आवरण सोलायचे, पीळ उलगडायचे आणि तारा क्रमाने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोके सरळ रेषेत कापायची, पारदर्शक कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि क्रिम्पिंग टूलने दाबायची. मग केबल टेस्टरला लावली की दोन्ही बाजूंचे दिवे एक ते आठ क्रमाने लागतात. पाचवा लागला नाही, तर पाचवी तार आत पोचलेली नाही. टोक कापायचे, पुन्हा करायचे. वर्गातल्या ज्या मुलाचा हात चित्राच्या वहीत चालतो आणि गणितात अडतो, त्याला इथे पहिल्यांदा आपण ‘संगणकात हुशार’ असल्याचे कळू शकते. या अर्ध्या तासाचे मोल मला फार वाटते.

दुसऱ्या दिवशी वही. शाळेच्या संगणक कक्षाची नोंदवही मुलांनी सुरू करावी: तारीख, काय बंद पडले, केव्हा कळले, केव्हा सुरू झाले, कारण, कुणी दुरुस्त केले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. समजा, कक्ष महिन्याला १४४ तास चालायला हवा होता आणि ९ तास बंद होता. उपलब्धता ९३.७५ टक्के. त्या नऊपैकी सात तास वीज नव्हती म्हणून गेले असतील, तर नवे संगणक मागण्याआधी यूपीएस मागावा, हे सहावीतली मुलेच मुख्याध्यापकांना सांगतील. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दुरुस्ती करणारा आणि सेवा सांभाळणारा यांच्यातला फरक त्याच रकान्यात आहे.

हे काम यंत्र एकटे करू शकत नाही, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी गेला आणि ७८ मिनिटांत मागे घेतला गेला. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. बिघडलेली फाइल काढण्यासाठी असंख्य ठिकाणी माणसाला एकेका संगणकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये सुरू करावा लागला. त्याआधी २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि साधारण दोन आठवडे तिथले बरेच काम कागदावर चालले. बॅकअपचा ‘३-२-१’ नियम (माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी) मुलांना शिकवायला यापेक्षा ठळक प्रसंग नाही.

पालकांचा प्रश्न रास्त असतो: यासाठी शिकायचे काय आणि किती? सुरुवात दहावीनंतर होते. आयटीआयमधला ‘कोपा’ हा संगणक चालवण्याचा ट्रेड एका वर्षाचा आहे, माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेच्या देखभालीचा ट्रेड दोन वर्षांचा. तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची. बारावीनंतर बीसीए किंवा सोलापुरात ज्याला सगळे ‘ईसीएस’ म्हणतात ते संगणकशास्त्राचे बी.एस्सी. अभियांत्रिकीला जायचे तर १९८३ पासूनची वालचंद तंत्रज्ञान संस्था शहरातच आहे. शिकाऊ उमेदवारांसाठी २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरवले गेले. ही रक्कम मोठी नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण सर्व्हरच्या खोलीत घालवलेले पहिले वर्ष पुढे कामाला येते.

स्पष्ट सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे ही नोकरी पूर्वीइतकी बिनधोक राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. पासवर्ड बदलून देण्यासारखी पहिल्या पायरीची कामे आता यंत्रेच करू लागली आहेत. उरतात ती कामे वेगळी: बिघाड नेमका कुठे आहे हे हुडकणे, घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे, कुठला बदल आज रात्री करायचा नाही हे ठरवणे. इथे सोलापूरच्या मुलांकडे एक भांडवल आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात हिंदी बोलणारी मुले या शहरात हजारोंनी आहेत. मदत केंद्रावर बसणाऱ्याला ज्याची अडचण आहे त्याच्या भाषेत ती समजून घेता आली, तर अर्धे काम तिथेच होते.

आणि मुलींचे काय? ‘असर’ २०२३ मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. दुसरीकडे, नासकॉमच्या आकड्यांनुसार या उद्योगात ३६ टक्के स्त्रिया आहेत. घरातला फोन भावाच्या हातात असेल, तर शाळेच्या संगणक कक्षाची चावी आणि नोंदवही मुलीकडे असावी. रात्रपाळीचा प्रश्न खरा आहे आणि तो वाहतुकीच्या सोयीने सोडवायचा आहे, मुलींना आठवीतच या कामापासून दूर ठेवून नव्हे. ज्या शहरात विडी वळून हजारो बायकांनी घरे चालवली, तिथे बाईच्या कमाईबद्दल कुणाला समजावत बसायला नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा केली. चर्चा जागेची, रस्त्याची, विमानसेवेची होते, आणि ती व्हावीच. पण माणसांचा हिशेबही मांडावा. अशा ठिकाणी चोवीस तास चालणाऱ्या २०० खुर्च्या आल्या तर पाच-पाचच्या हिशेबाने १,००० माणसे लागतील. २०२५-२६ मध्ये सहावीत असलेली मुले २०२८-२९ मध्ये नववीत असतील, २०२९-३० मध्ये दहावी देतील, २०३१-३२ मध्ये बारावी. दप्तराविना दहा दिवस त्यांच्या वाट्याला सहावी ते आठवीतच येतात. म्हणजे अशा प्रत्येक तुकडीसाठी शाळांना एकूण तीनच वर्षे मिळतात, आणि केबल, कनेक्टर, क्रिम्पिंग टूल, टेस्टर व शंभर पानी वही यांपलीकडे सुरुवातीला काही विकत घ्यावे लागत नाही.